एका चिपमध्ये सात कामं: डिव्हाइस ट्रीत तिची नोंद कशी करावी

तापीच्या उत्तरेला, चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या शेतात ठिबकच्या हेड युनिटशेजारी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आमचा एक लहान कंट्रोलर बसवलाय. व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे, जमिनीतली ओल मोजायची आणि लाइट गेली की बॅटरीवर चालत राहायचं, एवढं त्याचं काम. शेतीपंपाची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री, त्यामुळे बॅटरीवरच सगळी भिस्त. पेटीतल्या बोर्डावर ऑलविनरचा ए२० प्रोसेसर आहे आणि त्याला खेटून नखाएवढी एएक्सपी२०९ नावाची पॉवर चिप. हीच जोडी बनाना पाय नावाच्या बोर्डावरही आहे. केळीच्या पट्ट्यातल्या पोरांना ते नाव लगेच लक्षात राहतं, म्हणून शिकवताना मी तोच बोर्ड हातात देतो.

या नखाएवढ्या चिपमध्ये सात वेगवेगळी कामं चालतात. व्होल्टेज देणारे रेग्युलेटर, बॅटरी चार्जिंग, अडॅप्टरच्या विजेवर नजर, यूएसबीच्या विजेवर नजर, व्होल्टेज-करंट मोजणारा १२ बिटचा एडीसी, हव्या त्या कामाला वापरता येणाऱ्या दोन-तीन जीपीआयओ पिना आणि पॉवरचं बटण. लिनक्समध्ये या प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, विभाग वेगळा, तो सांभाळणारी माणसंही वेगळी. चिप मात्र एकच, तिचा पत्ताही एकच. अशा चिपला मल्टी-फंक्शन डिव्हाइस म्हणतात, थोडक्यात एमएफडी. तिची नोंद डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणाऱ्या फाइलीत, कशी करायची, हे पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग करून या कामात नव्याने आलेल्यांसाठी लिहितोय. सी भाषा थोडी येत असेल आणि आय-टू-सी बस म्हणजे काय हे माहीत असेल, तर एवढ्यावर भागेल.

डिव्हाइस ट्री लागतेच कशाला

यूएसबीचा पेन ड्राइव्ह लावला की तो स्वतःच सांगतो, मी अमुक कंपनीचा, अमुक जातीचा. पीसीआय कार्डाचंही तसंच. आय-टू-सी बसवरची चिप असं काही सांगत नाही. तिचा पत्ता माहीत असलेल्याने हाक मारली तरच ती ओ देते, आणि ओ दिली तरी आपण कोण ते बोलत नाही. मग कर्नलला हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. पूर्वी एआरएम बोर्डांसाठी ही माहिती कर्नलच्या आतच सी फाइलींत लिहायचे, प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल. त्या इतक्या वाढल्या की २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली. ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. तिचं मूळ ओपन फर्मवेअरमध्ये आहे, ज्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ सालचं.

डिव्हाइस ट्री हा हार्डवेअरचा सातबारा आहे. जमीन कुणाची, किती, विहीर कुठे, हे त्यात असतं. त्या जमिनीत यंदा कापूस लावावा की केळी, हा सल्ला सातबारा देत नाही. मी खाली जे काही सांगणार आहे ते सगळं याच्यावर उभं आहे. ट्रीमध्ये हार्डवेअर लिहायचं, ड्रायव्हर लिहायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण नवीन माणूस चुकतो तो इथेच. मीही चुकलो होतो.

आधी कागद, मग फाइल

डेटाशीट उघडा आणि संगणकाला हात लावण्याआधी कोऱ्या कागदावर चिपमधल्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला: चिपबाहेरचं कुणी या कामाकडे बोट दाखवतं का? म्हणजे बोर्डावरच्या दुसऱ्या एखाद्या भागाला याची वीज, याची पिन किंवा याचं माप लागतं का? दुसरा: बोर्ड बदलला की याची वायरिंग किंवा मर्यादा बदलते का?

शेजारी बोर्डाचा स्केमॅटिक, म्हणजे जोडणीचा नकाशा, ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डेटाशीटमध्ये सापडत नाही, ते स्केमॅटिकमध्येच असतं. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

मुख्य नोड

ट्रीमधल्या एकेका भागाच्या नोंदीला नोड म्हणतात. चिप ज्या बसवर आहे त्या बसच्या नोडच्या पोटात तिचा नोड येतो. आमच्या बोर्डावर ती पहिल्या आय-टू-सी बसवर, म्हणजे शून्य क्रमांकाच्या बसवर आहे. खरी फाइल रोमन अक्षरांत असते. इथे मी तिचा सांगाडा उच्चारावरून देवनागरीत देतोय, म्हणजे डोळ्यांसमोर आकार राहील.

&आयटूसी० {
    पीएमआयसी@३४ {
        कंपॅटिबल = "एक्स-पॉवर्स,एएक्सपी२०९";
        रेग = <०एक्स३४>;
        इंटरप्ट-पेरेंट = <&एनएमआय_आयएनटीसी>;
        इंटरप्ट्स = <० लेव्हल-लो>;
        इंटरप्ट-कंट्रोलर;
        #इंटरप्ट-सेल्स = <१>;
    };
};

नोडचं नाव 'पीएमआयसी' (पॉवर मॅनेजमेंट आयसी) आहे, 'एएक्सपी२०९' नाही, इकडे लक्ष द्या. नावात कामाचा प्रकार सांगायचा, मॉडेल नाही. मॉडेलसाठी 'कंपॅटिबल' आहे, आणि त्यात स्वल्पविरामाआधी चिप बनवणारा, नंतर चिप. ड्रायव्हर शोधला जातो तो या ओळीवरून. 'अ‍ॅट'च्या खुणेनंतरचा ३४ आणि 'रेग'मधला ३४ एकच हवेत, नाहीतर ट्री कंपाइल करताना इशारा येतो.

आता पत्त्याबद्दल, कारण इथे नवख्यांचे दिवस वाया जातात. एएक्सपी२०९च्या डेटाशीटमध्ये पत्ता दिलाय तो असा: लिहिण्यासाठी हेक्स ६८, वाचण्यासाठी हेक्स ६९. पोरं सरळ ६८ टाकतात आणि चिप ओ देत नाही म्हणून सोल्डरिंग तपासत बसतात. आय-टू-सीचा पत्ता ७ बिटचा असतो आणि त्याच्या मागे वाचन-लेखनाचा एक बिट चिकटतो. डेटाशीटने तो बिट धरून आठ बिटांचा आकडा दिलाय. डिव्हाइस ट्रीला सात बिट हवेत, म्हणून शेवटचा बिट सोडा. ६८ची निम्मी हेक्समध्ये ३४. डेटाशीटमध्ये वाचायचा आणि लिहायचा पत्ता वेगवेगळा दिसला की समजून जा, निम्मा करायचाय.

एकच घंटा, सात घरं

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आत सात कुटुंबं, सात चुली, पण बाहेर दरवाजा एक आणि घंटाही एकच. घंटा वाजली की कुणीतरी दिंडीपर्यंत जाऊन विचारतं, पाहुणा कुणाकडचा? मग त्या घराला हाक जाते. एमएफडी चिपच्या इंटरप्टचं, म्हणजे 'इकडे लक्ष द्या' असं प्रोसेसरला सांगणाऱ्या इशाऱ्याचं, गणित हेच आहे. चिपची इंटरप्ट पिन एक, ती प्रोसेसरला जोडलेली. आत मात्र बॅटरी भरली, अडॅप्टर निघाला, बटण दाबलं अशा डझनावारी घटना घडतात. एएक्सपी२०९मध्ये या घटनांच्या खुणा पाच स्टेटस रजिस्टरांत पडतात, हेक्स ४८ ते ४सी. पिन खाली गेली की ड्रायव्हर ही पाचही रजिस्टरं वाचतो, कुठला बिट उभा आहे ते पाहतो आणि ज्याचं काम त्याला उठवतो.

म्हणून या एका नोडमध्ये दोन उलट्या भूमिका दिसतात. 'इंटरप्ट्स' सांगतं की ही चिप वरच्याकडे तक्रार कुठून नेते. 'इंटरप्ट-कंट्रोलर' सांगतं की आतल्यांसाठी, आणि लागलंच तर बाहेरच्यांसाठीही, ही चिप स्वतःच इंटरप्ट वाटते. 'सेल्स = १' म्हणजे तिच्याकडे इंटरप्ट मागताना एकच आकडा द्यायचा, कुठली घटना हवी तो.

'लेव्हल-लो' हा शब्द घाईत टाकू नका. ही पिन ओपन-ड्रेन आहे, म्हणजे चिप तिला फक्त खाली ओढते, आणि आतली एकही खूण बाकी असेपर्यंत ती खालीच राहते. तुम्ही तिथे 'फॉलिंग-एज' (पिन वरून खाली पडण्याचा क्षण) लिहिलंत तर टेबलावर सगळं ठीक चालेल. पण एक घटना निस्तरत असताना दुसरी आली तर पिन वर जाणारच नाही. वर गेली नाही म्हणून पुन्हा खाली पडणार नाही, आणि कर्नल त्या पडण्याचीच वाट बघत बसेल. त्यानंतर त्या चिपचा एकही इंटरप्ट येत नाही, बोर्ड रीस्टार्ट करेपर्यंत. असा दोष महिन्यातून एकदा दिसतो आणि तोही शेतात, म्हणून डेटाशीटमधलं इंटरप्ट पिनचं पान दोनदा वाचा.

कुणाला नोड, कुणाला नाही

आता कागद परत काढा.

माझ्या पहिल्या बोर्डाच्या वेळी मी ड्रायव्हरची फाइल उघडली, आत सात तुकड्यांची यादी दिसली आणि ट्रीमध्ये सात चाइल्ड नोड (मुख्य नोडच्या पोटातले नोड) लिहून मोकळा झालो. सगळं चाललं. पाठवलेल्या पॅचवर मात्र रिव्ह्यूत सरळ प्रश्न आला: हा बटणाचा नोड हार्डवेअरबद्दल नेमकं काय सांगतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात 'कंपॅटिबल' सोडून एकही ओळ नव्हती. ड्रायव्हर उठावा म्हणून तो नोड लिहिला होता.

पॉवरचं बटण घ्या. बटण दाबल्याची घटना चिपच्या आतच तयार होते, तिचा इंटरप्ट आतलाच, ती पिन प्रत्येक बोर्डावर बटणालाच जाते, आणि बोर्डावरचं दुसरं कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'नाही'. म्हणून एएक्सपी२०९च्या प्रत्यक्ष ट्रीमध्ये बटणाला नोड नाही. तरी त्याचा ड्रायव्हर उठतो, कारण मुख्य ड्रायव्हरला माहीतच आहे की एएक्सपी२०९ म्हटलं की आत बटण आलंच. 'कंपॅटिबल'मध्ये चिपचं नाव दिलं तेव्हाच ही माहिती दिली गेली, ती पुन्हा लिहायची गरज नाही.

एडीसीचं वेगळं. बाहेरचा एखादा भाग त्याच्या चॅनलकडे 'आयओ-चॅनल्स' लिहून बोट दाखवू शकतो. बोट दाखवायला नोड हवा, म्हणून एडीसीला नोड आणि त्यात '#आयओ-चॅनल-सेल्स'. जीपीआयओलाही त्याच कारणाने. अडॅप्टर आणि यूएसबीच्या विजेचे नोड येतात, कारण काही बोर्डांवर त्यातली एक बाजू जोडलेलीच नसते. तिथे 'स्टेटस'मध्ये 'डिसेबल्ड' राहू द्यायचं. जोडली असेल तिथे 'ओके'. बॅटरीचाही तसाच नोड. पण चिपच्या आत असतो तो चार्जर. प्रत्यक्ष बॅटरी चिपबाहेर, तारेच्या टोकाला असते. तिची क्षमता, तिचं किमान-कमाल व्होल्टेज ट्रीच्या मुळाशी 'सिंपल-बॅटरी' अशा स्वतंत्र नोडमध्ये जातं आणि चार्जरच्या नोडमधून 'मॉनिटर्ड-बॅटरी' लिहून तिच्याकडे बोट दाखवायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि बॅटरी बदलावी लागते. वेगळ्या क्षमतेची बॅटरी बसवली तर तेवढा एक नोड बदलून भागतं.

कुणी म्हणेल, एखादा जास्तीचा नोड लिहिला तर बिघडलं काय? बिघडतं ते पुढे. ट्री एकदा बोर्डाच्या फ्लॅशमध्ये गेली की वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि नवीन कर्नलला त्या जुन्या ट्रीवर चालावंच लागतं. उद्या कुणी दोन ड्रायव्हर एकत्र केले किंवा एकाचे तीन केले, तर हार्डवेअर तेच राहून तुमची ट्री मात्र खोटी ठरते. शिवाय तीच ट्री यू-बूट हा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम वाचते. लिनक्सने आपले ड्रायव्हर कसे वाटून घेतलेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

रेग्युलेटर: इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होऊ शकतं, म्हणून इथे मी सावकाश जातो.

एएक्सपी२०९मध्ये दोन जातींचे रेग्युलेटर आहेत: दोन डीसी-डीसी आणि पाच एलडीओ. 'रेग्युलेटर्स' नावाचा एक चाइल्ड नोड, त्याच्या पोटात 'डीसीडीसी२', 'डीसीडीसी३', 'एलडीओ१' अशी एकेकाची नावं. ही नावं चिपची. बोर्डावर ती वीज कुठे जाते ते 'रेग्युलेटर-नेम'मध्ये, स्केमॅटिकवर त्या तारेला जे नाव असेल तेच.

डीसीडीसी२ ०.७ ते २.२७५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. ए२०च्या बोर्डांवर तो प्रोसेसरला वीज देतो. त्याच्या नोडमध्ये किमान-कमाल काय लिहाल? नवीन मुलगा डेटाशीट बघून ७००००० आणि २२७५००० लिहितो, कारण आकडे मायक्रोव्होल्टमध्ये लागतात एवढं त्याला माहीत असतं. हे चूक आहे, आणि धोक्याचं आहे. चिपची कुवत ड्रायव्हरला ठाऊक आहेच. ट्रीमध्ये लिहायची ती *या बोर्डावर, या तारेवर* सुरक्षित असलेली हद्द. बनाना पायच्या ट्रीमध्ये इथे १०००००० ते १४००००० आहे. २.२७५ लिहून तुम्ही कर्नलला परवानगी देता की हवं तर प्रोसेसरवर सव्वादोन व्होल्ट सोड. कर्नल उगाच ते करणार नाही, पण एखाद्या चुकीच्या टेबलामुळे तसं मागितलं गेलं तर अडवणारं कुणी उरत नाही. शेताच्या बांधासारखं आहे हे. पाणी येवो न येवो, बांध घालून ठेवायचा.

आता चोपड्याच्या त्या पेटीची गोष्ट. ओल मोजणारा सेन्सर आम्ही एलडीओ३वर घेतला होता, ३.३ व्होल्टवर. टेबलावर काम करताना सेन्सरला वेगळ्या सप्लायवरून वीज देत होतो, त्यामुळे आठवडाभर सगळं चोख. शेतात पेटी बसवली, चालू केली, ओलीचे आकडे यायला लागले, आम्ही डबे उघडून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला बसलो. नाना, ज्यांचं शेत आहे ते, पेटीपाशीच उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, अर्धा मिनिट चालस नि मंग बंद पडी जास." परत चालू केलं, परत तेच. नानांनी घड्याळ लावून सांगितलं, दर वेळी तेवढाच वेळ.

तो अर्धा मिनिटच खरा धागा होता. सध्याचा लिनक्स कर्नल सुरू झाल्यावर साधारण ३० सेकंदांनी सगळ्या रेग्युलेटरांवरून एक फेरी मारतो. जो चालू आहे पण ज्याला कुणी मागितलेलं नाही, त्याला तो बंद करतो. वीज वाचवण्यासाठी हे रास्तच आहे. आमचा एलडीओ३ बूटलोडरनेच चालू करून ठेवला होता, म्हणून पहिला अर्धा मिनिट सेन्सर जिवंत राहायचा. पण ट्रीमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं की सेन्सर या तारेवर जगतो. कर्नल लॉगमध्ये त्या रेग्युलेटरच्या नावापुढे 'डिसेबलिंग' असा एक शब्द आला होता. आम्ही सेन्सरच्या ओळी वाचत होतो, रेग्युलेटरच्या नाही.

यावर घाईचा इलाज म्हणजे एलडीओ३च्या नोडमध्ये 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' लिहिणं. चालतं, आणि बहुतेक जण तेच करतात. मी करू नका म्हणतो. तो शब्द ज्यांच्यावाचून बोर्डच मरेल त्यांच्यासाठी आहे, प्रोसेसर आणि रॅमच्या विजेसाठी. सेन्सरच्या बाबतीत खरी गोष्ट एवढीच होती की त्याच्या वीज-पिनेतून एक तार एलडीओ३ला जाते. तेच लिहायचं: सेन्सरच्या नोडमध्ये 'व्हीडीडी-सप्लाय' आणि त्यापुढे एलडीओ३चं लेबल. सेन्सरच्या ड्रायव्हरनेही ती वीज मागायला हवी. मागत नसेल तर ड्रायव्हर दुरुस्त करा, ट्रीला खोटं बोलायला लावू नका. आता सेन्सर वापरात नसताना कर्नल ती वीज तोडतो आणि लागेल तेव्हा देतो. बॅटरीवर चालणाऱ्या पेटीला याचा मोठा फायदा झाला.

दुसरी जात: रजिस्टरांचा गठ्ठा

सगळ्या एमएफडी आय-टू-सीवर नसतात. प्रोसेसरच्या आतच अनेकदा ४ केबीचा एखादा पट्टा असतो, ज्यात डिझाइन करणाऱ्यांनी इकडचं तिकडचं कोंबलेलं असतं. एका रजिस्टरमध्ये रीसेटचा बिट, पुढच्यात यूएसबीची एखादी सेटिंग, त्याच्या पुढे एक एलईडी. याला सिस्टम कंट्रोलर म्हणतात, ट्रीमध्ये 'सिसकॉन'.

सिस्टम-कंट्रोलर@१००० {
    कंपॅटिबल = "बनवणारा,चिप-सिसकॉन", "सिसकॉन", "सिंपल-एमएफडी";
    रेग = <०एक्स१००० ०एक्स१०००>;

    रीबूट {
        कंपॅटिबल = "सिसकॉन-रीबूट";
        ऑफसेट = <०एक्स१०>;
        मास्क = <०एक्स१>;
    };
};

'कंपॅटिबल'मधले तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला, हा नेमका कुठल्या चिपचा पट्टा. तो हवाच. नुसतं 'सिसकॉन' लिहून चालत नाही, कारण उद्या त्या चिपमध्ये काही खोट निघाली तर ओळखायला नाव लागतं. दुसरा, ही रजिस्टरं अनेकांना मिळून वापरायची आहेत, तेव्हा कर्नलने एकच सामाईक नकाशा करावा. तिसरा, आतले चाइल्ड नोड स्वतंत्र डिव्हाइस समजून थेट उठवावेत.

हा तिसरा शब्द फार दुरुपयोगाचा झालाय. 'सिंपल-एमएफडी' म्हणजे मुलांना पालकाकडून काहीच नको: पालकाने क्लॉक चालू करणं नको, रीसेट सोडणं नको, वीज देणं नको. असं असेल तरच तो शब्द. आय-टू-सीवरच्या पॉवर चिपच्या नोडमध्ये तो लिहू नका. तिथे आधी मुख्य ड्रायव्हरने बसशी बोलणं जुळवावं लागतं, इंटरप्ट वाटपाची व्यवस्था लावावी लागते, मगच मुलं उठू शकतात. 'सिंपल-बस'शीही गल्लत नको. ती खऱ्या बससाठी, जिच्या पोटात मेमरीच्या पत्त्यावरची डिव्हाइस असतात. मुलांच्या 'रेग'मधले आकडे खरेच मेमरीचे पत्ते असतील तर पालकात 'रेंजेस', '#अ‍ॅड्रेस-सेल्स' आणि '#साइज-सेल्स' हवेत. वरच्या उदाहरणात मुलाकडे 'रेग' नाही, नुसता ऑफसेट आहे, म्हणून ते लागले नाहीत.

कर्नलच्या बाजूने काय घडतं

हे थोडक्यात, कारण ट्री लिहायला ते पाठ असावं लागत नाही, पण दोष शोधताना कामाला येतं. मुख्य ड्रायव्हर रजिस्टरांसाठी एक 'रेगमॅप' बनवतो, सगळी मुलं त्यातूनच वाचतात-लिहितात आणि कुलूप तोच सांभाळतो. ड्रायव्हरमध्ये 'एमएफडी-सेल'ची यादी असते. ज्या सेलला 'ऑफ-कंपॅटिबल' दिलंय, त्याच्यासाठी कर्नल ट्रीमध्ये त्याच नावाचा चाइल्ड नोड शोधतो. सापडला आणि 'डिसेबल्ड' असला तर ते डिव्हाइस मुकाट्याने वगळलं जातं. सापडलाच नाही तर लॉगमध्ये 'ऑफ-नोड सापडला नाही' अशा अर्थाची ओळ येते. एडीसी गायब वाटला तर आधी ही ओळ शोधा. बहुतेक वेळा 'कंपॅटिबल'मध्ये एक अक्षर चुकलेलं असतं. बटणासारख्या सेलला 'ऑफ-कंपॅटिबल' नसतंच, म्हणून त्याला नोड लागत नाही.

बोर्डावर टाकण्याआधी

स्वतःचे डोळे पुरत नाहीत. आता बाइंडिंग, म्हणजे कुठल्या चिपच्या नोडमध्ये काय चालतं याचे नियम, याम्ल फाइलींत लिहिलेले असतात आणि यंत्रच तुमची ट्री त्यांच्याशी ताडून बघतं. कर्नलच्या फोल्डरात 'मेक डीटीबीएस_चेक' चालवा. तुमच्या बोर्डाची एक ओळही इशाऱ्यात यायला नको. बाइंडिंग शोधताना एक अडचण येते ती आधीच सांगतो: एएक्सपी२०९ नावाची फाइल मिळणार नाही. हे सगळं कुटुंब एमएफडीच्या फोल्डरात एएक्सपी१५२च्या नावाखाली एकत्र आहे. चिपचं नाव फाइलींच्या आत 'ग्रेप' या कमांडने शोधायची सवय लावा.

नव्या चिपसाठी तुम्हीच बाइंडिंग लिहीत असाल तर ते संपूर्ण चिपचं लिहा. आज तुम्हाला फक्त रेग्युलेटर हवाय म्हणून अर्धंच लिहू नका. ड्रायव्हर नंतर हप्त्याहप्त्याने आला तरी चालतो.

बोर्डावर टाकल्यावर

पहिल्यांदा 'आयटूसी-डिटेक्ट' चालवून शून्य क्रमांकाची बस बघा. ३४च्या जागी 'यूयू' दिसलं तर ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली आहे. नुसतं ३४ दिसलं तर चिप जिवंत आहे, पण ड्रायव्हर लागलेला नाही. काहीच नाही दिसलं तर तार किंवा पत्ता बघा. या चिपवर 'आयटूसी-सेट'ने उगाच आकडे लिहून बघू नका. हेक्स २३ हे रजिस्टर प्रोसेसरचं व्होल्टेज ठरवतं आणि हेक्स ३२चा सर्वांत वरचा बिट अख्खा बोर्ड बंद करतो.

मग कर्नलने नेमकी कुठली ट्री वाचली ते पाहा. ती 'सिस'खाली 'फर्मवेअर'मध्ये 'डिव्हाइसट्री'च्या 'बेस' फोल्डरात उलगडून ठेवलेली असते. नवीन ट्री टाकली असं आपण समजतो आणि बूटलोडर जुनीच उचलत असतो, हे अनेकदा होतं. डीबगएफएसमधली (दोष शोधण्यासाठी कर्नल दाखवतो त्या फोल्डरातली) 'डिव्हाइसेस-डिफर्ड' फाइल सांगते की कुणाची वाट बघत कोण थांबलंय, आणि 'रेग्युलेटर-समरी' फाइल प्रत्येक तारेवर किती व्होल्ट आणि कुणी मागितलेत ते झाडासारखं मांडते. सेन्सरचं नाव एलडीओ३च्या खाली दिसायला हवं.

शेवटची चाचणी मी नेहमी हाताने करतो. 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' फाइल बघून चिपसमोरचा आकडा कागदावर लिहून घ्यायचा. तीस सेकंद उलटून जाऊ द्यायचे. मग अडॅप्टर उपटायचा. आकडा वाढला पाहिजे, पॉवर-सप्लायच्या फोल्डरात एसीच्या 'ऑनलाइन'मध्ये एकाचा शून्य झाला पाहिजे, आणि बॅटरीच्या 'स्टेटस'मध्ये 'डिस्चार्जिंग' आलं पाहिजे. तेवढ्या एका प्लगने पत्ता, इंटरप्टची पातळी, चाइल्ड नोड, बॅटरीची नोंद असं सगळं एकदम तपासलं जातं. चोपड्याला दुरुस्त ट्री टाकल्यावर मी स्क्रीनकडे बघत होतो आणि प्लग नानांनी उपटला. त्यांनी घड्याळ लावून दोन मिनिटं वाट बघितली, ओलीचे आकडे येतच राहिले, मग प्लग परत लावला आणि ते पाण्याच्या पाळीला निघून गेले.